कान जागे असल्याचा दाखला

डॉ. संघप्रिया एंगडे हिच्या नावापुढे इतकी अक्षरं लागतात, की दवाखान्याची पाटी रंगवणाऱ्याला ती एका ओळीत बसवता आली नाहीत. शेवटची दोन त्याने खालच्या ओळीत ढकलली. चौदा वर्षं झाली, ती तिथेच आहेत. परभणीत वसमत रस्त्याला एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथला कान-नाक-घशाचा विभाग म्हणजे ही बाई, तिचे दोन शिकाऊ डॉक्टर आणि एक कपाटभर रजिस्टरं. दवाखान्यात सगळे तिला मॅडम म्हणतात. पूर्णेच्या पुढे चुडाव्याला गाडीतून उतरली, की ती चांगुणाबाईची संघी होते. दोन्ही हाकांना ती सारखीच ओ देते.

आपल्याकडे डॉक्टरांचं संशोधन म्हणजे बहुतेक वेळा बढतीच्या आधी कसंबसं छापून आणायचं चार पानांचं काम. छापलं, फाइलला लावलं, विषय मिटला. संघप्रियाचं तसं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, आणि असल्या माणसांचा इतरांना जरा जाचच होतो. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला ही विचारणार, जिनिंगमध्ये किती वर्षं काढली, फोन कुठल्या कानाला लावता, टीव्हीच्या आवाजावरून घरात भांडणं होतात का. म्हातारा तंबाखू मळायचं विसरून उत्तरं द्यायचा. मग ती सगळं रजिस्टरात उतरवायची. त्या रजिस्टराला चौदा रकाने असायचे. एवढे रकाने कशाला, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "राहू द्या. कधी तरी कामाला येतील."

तिची आई चांगुणाबाई सुईण होती. वडील सूर्यभान रेल्वेत गँगमन होते, ते दोन हजार अकरा साली गेले. चुडाव्याच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत चाळीस वर्षं बाळंतिणीच्या खोलीत पहिला हात चांगुणाबाईचा पडला. नाळ कापायला ती, बाळ चोळून न्हाऊ घालायला ती. काम आटोपलं की मात्र ती ओसरीच्या पायरीखाली बसायची आणि तिचा चहा वेगळ्या कपातून यायचा. तो कप कोनाड्यात पालथा ठेवलेला असे. लहानपणी आईच्या मागे मागे हिंडताना संघप्रियाने असे सतरा घरांतले कप पाहिले होते. कुठल्या घरचा कप टवका उडालेला आहे, हे ती आजही सांगू शकते.

पाचवीच्या दिवशी पूजा झाली, की चांगुणाबाई पितळेची थाळी घेऊन बाळाच्या डोक्यामागे उभी राहायची आणि तीवर पळीचा एक ठोका द्यायची. बाळ दचकलं की म्हणायची, "कान जागे हायत." बायका हसायच्या, आत्या गूळ वाटायची. एवढीशी ती रीत. तीच पुढे संघप्रियाच्या हातात संशोधन म्हणून आली.

बहिरेपण लवकर कळण्याला फार मोल असतं. जन्मानंतर वर्ष-दोन वर्षांत कळलं, तर शस्त्रक्रिया करून कानात यंत्र बसवता येतं आणि मूल बोलायला शिकतं. पाच-सहा वर्षं उलटली, की डोक्यातली आवाजाची जागा दुसऱ्या कामाला लागून जाते. मग यंत्र बसवलं तरी मुलाच्या तोंडून बोलणं फारसं येत नाही. आपल्या खेड्यांत मूल बहिरं आहे हे कळायचं शाळेत नाव घालताना, म्हणजे नेमकं उशिरा.

दोन हजार चौदा साली संघप्रियाला नवजात बाळांचे कान तपासायच्या अभ्यासासाठी निधी मिळाला. बाळाच्या कानात रबरी बूच घालून आतला कान काम करतो की नाही ते सांगणारं यंत्र तेव्हा दवाखान्यात एकच होतं, आणि ते इतकं नाजूक की गावोगाव नेलं असतं तर आपल्या रस्त्यांनी त्याचाच जीव घेतला असता. तेव्हा तिला आईची थाळी आठवली. चांगुणाबाईने गावोगाव जाऊन पाचवीला थाळी वाजवायची. जे बाळ दचकणार नाही, त्याला परभणीला आणून यंत्रावर तपासायचं. जे दचकेल, त्याला दाखला द्यायचा. पिवळ्या जाड कागदावर छापलेला, "बाळाचे कान जागे आहेत", खाली डॉक्टरची सही आणि सुईणीची सही. चांगुणाबाई ती सही करायला खास शिकली. तिच्या सहीतला 'णा' नेहमी ओळीच्या वर उडी मारायचा.

पहिल्या वर्षी अकराशे बाळं झाली. अकरा दचकली नाहीत. त्या अकरांतली चार यंत्राने खरोखरच बहिरी ठरवली. चौघांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि चौघंही बोलायला लागली. संघप्रियाचा निबंध बाहेरच्या एका मोठ्या मासिकात छापून आला. एक थाळी, एक पळी आणि एक जाणता हात एवढ्यावर बहिरेपण ओळखता येतं, असा त्याचा मथितार्थ. जी बाळं दचकली होती त्यांना यंत्रावर तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. निबंध तपासणाऱ्या तिघा विद्वानांनीही ते विचारलं नाही. थाळीचा फोटो त्यांना फार आवडला होता म्हणे.

निबंधावर दुसरं नाव चांगुणाबाईचं होतं, इंग्रजी अक्षरांत. संघप्रियाने ते पान चौकटीत घालून चुडाव्याच्या घराच्या भिंतीवर लावलं. पुढे तीन तालुक्यांत अंगणवाडीच्या बायकांना थाळी शिकवायचं काम निघालं, आणि शिकवणारी चांगुणाबाईच. ज्या घरांत तिचा कप पालथा असायचा, त्या घरांत तिला खुर्ची मिळायला लागली. खुर्चीवर बसून ती थाळी कशी धरायची, पळी कुठे मारायची ते दाखवायची आणि बायका वहीत लिहून घ्यायच्या. संघप्रियाला पुढे दोन-चार मानपत्रं मिळाली, पण तिला विचाराल तर त्या खुर्चीएवढं सुख तिला कशानेच दिलं नाही. हे ती एरवी कुणाला सांगत नाही.

मग गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पिंगळीची शिवकन्या तिच्या बाह्यरुग्ण विभागात आली. तिशीची बाई, शेतातून थेट आल्यासारखी. सोबत नऊ वर्षांची मुलगी, सृष्टी. मुलगी टेबलावरच्या कानाच्या मोठ्या प्लास्टिकच्या नमुन्याकडे बघत होती आणि त्यातला गोगलगायीसारखा भाग बोटाने फिरवत होती.

"मॅडम, ही बोलंना," शिवकन्या म्हणाली. "लय दिवसांपासून दाखवायचं म्हणायले, पर घरचे आणू देत न्हवते. कान चांगले हायत म्हणायचे. दाखला हाय म्हणायचे."

"कुठला दाखला?"

शिवकन्येने प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड, रेशन कार्ड आणि त्यांच्यामधून एक पिवळा जाड कागद काढला. वर छापलेलं, बाळाचे कान जागे आहेत. खाली संघप्रियाची सही. शेजारी दुसरी सही, त्यातला 'णा' ओळीच्या वर उडी मारलेला.

"सासू म्हणती, तूच घुमी हायस, लेकरासंगं बोलत न्हाईस, म्हणून लेकरू मुकं राह्यलं," शिवकन्या म्हणाली. "खरं हाय का मॅडम ते? आईच्या न बोलण्यानं असं व्हतंय का?"

संघप्रियाने सृष्टीच्या कानात बूच घातलं. यंत्राच्या पडद्यावर एक सरळ रेघ आली. दुसऱ्या कानालाही तशीच. तिने पुन्हा तपासलं. मग मोठ्या यंत्रावर तपासलं. मग शिवकन्येला म्हणाली, "आणखी तपासण्या कराव्या लागतील, मी निरोप देते." हे खोटं होतं. करायची एकही तपासणी उरली नव्हती. शिवकन्या मान डोलावून लेकीला घेऊन गेली.

त्या दिवशी संघप्रियाने उरलेले तेवीस पेशंट तपासले. डबा उघडला आणि मेथीची भाजी सगळी खाल्ली. शिकाऊ डॉक्टरला एका नाकाच्या हाडाबद्दल रागावली, तेही नेहमीइतकंच. आपल्याला काहीच वाटत नाही हे तिच्या संध्याकाळी लक्षात आलं. दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल असून नसल्यासारखा होतो, तसं तिला आतून झालं होतं. आपल्याला काही वाटत का नाही, याची मात्र तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या वर्षाचं रजिस्टर काढलं. चौदावा रकाना होता, "थाळीच्या वेळी बाळ कुठे निजलं होतं". तो तिने स्वतः आखला होता आणि दहा वर्षांत एकदाही वाचला नव्हता. बाजेवर, मांडीवर, जमिनीवर, अशा नोंदी. यंत्राने बहिरी ठरवलेली चार बाळं तिने शोधली. तीन मांडीवर होती, एक जमिनीवर गोधडीवर. बाजेवरची बाळं साडेआठशेच्या वर होती. त्यांतलं एकही बहिरं सापडलं नव्हतं. बाजेवर निजल्याने कुणाचे कान बरे होत नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पहिल्या वर्षी अभ्यासाच्या कामावरच्या बायकांनी मोबाइलवर काढलेली चित्रणं तिच्याकडे होती. ती तिने एकामागून एक लावली. पहिल्यात आई बाजेच्या उशाशी उभी आहे. डावा गुडघा बाजेला टेकलेला. थाळीची कड बाजेच्या लाकडावर टेकवलेली. पळीचा ठोका बसतो, बाजेला हादरा बसतो, आणि बाळ हातपाय झाडतं. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. बाळ आवाजाने दचकलं की हादऱ्याने, हे त्या बाळालाच ठाऊक. आणि याच आईने तीन तालुक्यांतल्या बायकांना थाळी कशी धरायची ते दाखवलं होतं. परवाच्या पाचवीपर्यंत पिवळे दाखले दिले जात होते.

रविवारी ती चुडाव्याला गेली. चांगुणाबाई अंगणात दाराकडे पाठ करून ज्वारी पाखडत होती. संघप्रिया दारातूनच म्हणाली, "माय." सूप चालू राहिलं. ती आणखी मोठ्याने म्हणाली, "माय, मी आले." सूप चालूच. मग तिने टाच फरशीवर आपटली, हलकेच. चांगुणाबाईने लगेच वळून पाहिलं.

"आलीस का? कव्हाची उभी हायस? घुम्यावानी उभी राहती बघ ही पोरगी," म्हातारी हसत म्हणाली आणि बोलतच सुटली. चहा टाकू का, गाडी वेळेवर होती का, शेजारच्या सुनेला दिवस गेलेत. संघप्रियाला तेव्हा कळलं, की आई कायम अशीच बोलत आली आहे, एकटीच. जास्त बोलणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. फोन आला की 'टावर न्हाई' म्हणून ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. पंधरा वर्षं या लेकीने हजारो कानांत डोकावून पाहिलं होतं, आणि आईच्या कानाला एकदा हातही लावला नव्हता.

तिने आईला समोर बसवलं आणि तोंड दिसेल असं सावकाश विचारलं, "तुला ऐकू येत नाही. कधीपासून?"

चांगुणाबाईने सूप बाजूला ठेवलं. "तुजा बाप गेला तव्हापासून," ती म्हणाली. "आधी जरा जरा. मंग लयच."

"मग थाळी कशी वाजवायचीस?"

"ठोका नीट बसला का न्हाई हे मला कळाय पायजे ना गं. कानाला कळंना झालं. मंग कड बाजंला टेकवायले. गुडघ्याला कळायचं, हाताला कळायचं." ती जराशी खूशच होऊन सांगत होती. आपण केवढी शक्कल काढली, असं.

संघप्रियाने तिचा हात धरून घरात नेलं, बाजेवर तिचा पंजा ठेवला आणि दुसऱ्या टोकाला मूठ आपटली. मग तो पंजा उचलून हवेत धरला आणि पुन्हा मूठ आपटली. पुन्हा ठेवला, पुन्हा आपटली. चांगुणाबाई आधी लेकीच्या तोंडाकडे बघत होती, मग आपल्या पंज्याकडे बघायला लागली. सुईण होती ती, खुळी नव्हती.

"किती लेकरं?" तिने विचारलं.

"माहीत नाही अजून."

म्हातारीने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. संघप्रियानेही पाहिलं. दोघींपैकी कुणीच ती काढायला उठलं नाही.

डॉ. माणिकराव हे तिच्या विभागाचे जुने प्रमुख. निवृत्त झाले होते, पण निबंधावर तिसरं नाव त्यांचं होतं, म्हणून त्यांना विचारणं भाग होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसला.

"निबंध मागे घेऊ नका," ते म्हणाले. "थाळी गुपचूप बंद करा. यंत्रं मागवा, आता मिळतात. वर्षभरात सगळे विसरतील. तुमच्या आईचं नाव आहे त्यावर, संघप्रिया. एंगडे आडनावाची बाई चुकली, की तिच्या एकटीच्या नावावर जात नाही ते. टपून बसलेले लोक तुम्हाला माहीत आहेत. आणि ज्या पोरांचं वय निघून गेलं, त्यांना आता सांगून काय मिळणार?"

माणूस वाईट नव्हता. खरं तेच बोलत होता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हतं.

"सर, ज्यांचं वय अजून गेलं नाही त्यांना सांगायचंय," संघप्रिया म्हणाली. "त्यांच्या घरी पिवळा दाखला आहे. तो चुकीचा आहे हे मी जाहीर केल्याशिवाय त्यांना पुन्हा कोण तपासायला आणणार?"

तिने त्याच आठवड्यात मासिकाला पत्र लिहिलं. एक पान. आमची पद्धत चुकली, आम्ही फक्त न दचकलेली बाळं यंत्रावर तपासली, थाळी बाजेला टेकत होती. पत्र पाठवून तिने चहा घेतला. निबंधावर 'मागे घेतला' असा आडवा शिक्का बसला. एका स्थानिक पेपरने 'थाळीवाल्या मायलेकींचा घोळ' असा मथळा दिला. दवाखान्यात बोलणारे आतापर्यंत समोर बोलायचे, ते जिन्यात बोलायला लागले. तिला ते सगळं दिसत होतं, पण काचेच्या पलीकडे चालल्यासारखं.

सहा वर्षांच्या आतली सात हजारांवर मुलं पुन्हा तपासायची होती. देवगाव फाट्याला शिबिर झालं, पूर्णेला झालं, पिंगळीला झालं. उधारीवर आणलेली तीन यंत्रं सकाळपासून चालायची. आठ मुलं सापडली. त्यांतली सहा चारच्या आतली होती, त्यांची नावं शस्त्रक्रियेच्या यादीत गेली. एका दीड वर्षाच्या मुलाचे वडील तिच्या पाया पडायला वाकले. तिने पाय मागे घेतले. आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. तो कुठे तरी वाटेत अडकला होता, येत नव्हता.

मोठी झालेली मुलंही शोधायची होती. ज्यांची वेळ गेली त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, हे तिने स्वतःकडे घेतलं. सहा घरं होती. पाच घरं झाली. कुठे शिव्या बसल्या, कुठे पाणी मिळालं, एका घरी दोन्ही. पिंगळीच्या शिबिराला शिवकन्या आली नव्हती, तिला मॅडमच्या निरोपाची वाट होती. ते सहावं घर संघप्रिया तीन महिने टाळत राहिली. शेवटी चांगुणाबाईच म्हणाली, "मी येते संगं. सही दोघींची हाय."

दुपारच्या गाडीने दोघी पिंगळीला उतरल्या. शिवकन्येचा नवरा शेतात होता, सासू शेजारी वाती वळायला गेली होती. शिवकन्येने दोन खुर्च्या आणल्या, फडक्याने पुसल्या. संघप्रिया बसली. चांगुणाबाई बसली नाही. ती बाजेजवळ जमिनीवर टेकली. सृष्टी चुलीपाशी शेंगा फोडत होती, ती येऊन म्हातारीजवळ बसली आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मोजू लागली.

संघप्रियाने काहीही मागे न ठेवता सांगितलं. सृष्टीला जन्मापासून ऐकू येत नाही. दाखला चुकीचा होता. सुईणीला तेव्हाच ऐकू येत नव्हतं, म्हणून ती थाळी बाजेला टेकवायची आणि बाळ हादऱ्याने दचकायचं. वेळेत कळलं असतं तर ती बोलली असती. आता यंत्राचा फारसा उपयोग होणार नाही, पण हातांची भाषा शिकवणारी शाळा आहे आणि तिथे तिचं नाव घालायची व्यवस्था ती करेल. त्या मंगळवारी आपण खोटं बोललो, हेही तिने सांगितलं.

शिवकन्या मग उठून आत गेली आणि थाळी घेऊन आली.

"मला बघू द्या," ती म्हणाली.

तिने खुणेने सृष्टीला बाजेवर निजवलं आणि तिचे डोळे आपल्या तळव्याने झाकले. सृष्टीला वाटलं खेळ आहे, ती खुदकन हसली. चांगुणाबाई उठली. तिने थाळी बाजेपासून लांब धरून ठोका दिला. अंगणातली कोंबडी फडफडून पळाली. सृष्टी तशीच पडून राहिली, हसत, वाट बघत. मग म्हातारीने थाळीची कड बाजेला टेकवली आणि पुन्हा ठोका दिला. सृष्टी दचकून उठली आणि टाळ्या पिटायला लागली.

शिवकन्या बाजेकडे बघत राहिली. "म्हंजे मी हाक मारली की वळायची ती..." तिने आपल्या पायांकडे पाहिलं. "मी पाय आपटायचे."

"हो," संघप्रिया म्हणाली.

शिवकन्या चांगुणाबाईकडे वळली. आवाज तिने चढवला नाही. "चांगुणामाय, तुमाला ऐकू येत न्हवतं, हे तव्हाच कामून सांगितलं न्हाई?"

चांगुणाबाई पुन्हा खाली टेकली होती, तिला ते ऐकू गेलं नाही. तिने नेहमीसारखं मान हलवून हसून घेतलं, आणि शिवकन्येचा चेहरा पाहून थबकली. मग तिने लेकीकडे पाहिलं, काय म्हणाली ती, अशा नजरेने. दुसरं कुणी नव्हतं सांगायला. संघप्रिया खुर्चीवरून उठून आईजवळ बसली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तोच प्रश्न ओरडून विचारला, "तुला ऐकू येत नव्हतं, हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?" शेजारच्या घरापर्यंत गेला असेल तो.

चांगुणाबाईने थाळी मांडीवर ठेवली. "बहिऱ्या सुईणीला लेकरापशी कोण येऊ दिलं असतं, बाई?" ती शिवकन्येला म्हणाली. "खुर्ची तर लांबच. पायरीवरबी बसू दिलं नसतं."

सृष्टीने थाळी ओढून घेतली, बाजेला टेकवली आणि तळहाताने वाजवायला लागली. वाजवायची, बाजेवर हात ठेवून बघायची, पुन्हा वाजवायची.

निघताना संघप्रिया म्हणाली, "तो दाखला मला परत द्या. रद्द करायचाय."

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. ती आत जाऊन पिशवी घेऊन आली, पण दाखला तिने छातीशी धरला. "हा देत न्हाई. नऊ वर्सं मला समदे म्हणायलेत, तुज्यामुळं लेकरू मुकं राह्यलं. मी पाचव्या दिवशीच कान तपासून घेतले व्हते, ह्याचा एवढाच कागद हाय माझ्यापशी." मग तिने दाखला उलटा केला आणि पेन पुढे केला. "मागं लिहून द्या. इंग्रजीत नगं, मराठीत लिहा. सासूला वाचून दाखवायचंय."

संघप्रियाने कागद गुडघ्यावर ठेवला. आयुष्यात तिने चाळीसच्या वर निबंध लिहिले होते, सगळे इंग्रजीत. तिने लिहिलं, "सृष्टीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या आईची काहीही चूक नाही." पुढचं वाक्य होतं, चूक माझी आहे. 'माझी' लिहिताना अक्षर ओळीच्या वर उडालं. ती थांबली. गालावरून पाणी ओघळून कागदावर पडलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला काही तरी दुखलं. चांगुणाबाईने लेकीचा कागद धरलेला हात दाबून धरला, कागद हलू नये म्हणून. संघप्रियाने वाक्य पुरं केलं, खाली सही केली आणि पेन आईच्या हातात दिला.